घरातल्या दोन खोल्यांचा स्टुडिओ: एक गाण्यावाजवण्याची, एक ऐकण्याची

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
मिरजेतल्या आमच्या घराचा वरचा मजला रिकामा झाला आहे. तिथे रेकॉर्डिंगसाठी कायमची जागा करायची आहे. दोन खोल्या शेजारी शेजारी आहेत, मोठी १६ × १२ फूट आणि धाकटी १२ × १०. उंची दोन्हीकडे १० फूट, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. मधली भिंत १२ फुटी बाजूची, ९ इंची विटांची आणि दोन्ही अंगांनी गिलावा केलेली. त्या भिंतीत एक दार आहे. शिवाय दोन्ही खोल्यांना बाहेरच्या व्हरांड्यात उघडणारी स्वतंत्र दारं आहेत.

इथे मुख्यतः शास्त्रीय गायन, नाट्यपदं, अभंग आणि तंतुवाद्यं रेकॉर्ड होतील. सतारमेकर गल्ली जवळच आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून कारागिरांकडे बाहेरगावचे ग्राहक वाद्याचा आवाज पाठवा म्हणून मागणी करतात. मोबाइलवर जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला येणारी ती भरलेली गुंजन, ऐकूच येत नाही. एका तंबोऱ्यावर महिनोन्‌महिने घाम गाळलेला माणूस, आणि ग्राहकापर्यंत पोचते ती नुसती टणटण. हे मला मनापासून बदलायचं आहे.

आतापर्यंत सगळं एकाच खोलीत, कानाला हेडफोन लावून करत आलो. आता वाजवण्याची खोली वेगळी आणि मिक्सिंगची, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज ऐकून जुळवण्याची, वेगळी करायची आहे. कोणती खोली कशासाठी ठेवावी? मध्ये काचेची खिडकी काढावी का? ठेकेदार म्हणतो, मधल्या भिंतीला जिप्समची आणखी एक भिंत लावून देतो, आवाज शून्य. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

तारषड्ज
मोठी खोली वाजवणाऱ्यांना द्या, दुसरा विचार करू नका. गायक, तबला, पेटी आणि मागे तंबोरा एवढी मंडळी १२ × १० मध्ये बसली, तर प्रत्येक माईकमध्ये सगळेच येतात. भिंती इतक्या जवळ असतात की त्यांच्यावरून परतणारा आवाज मूळ आवाजाला चिकटून माईकमध्ये शिरतो आणि गळा डबीतून आल्यासारखा वाटतो. नंतर संगणकातलं कुठलंही प्लगिन ते काढू शकत नाही.

उलट बाजूही खरी आहे. छोट्या खोलीत खर्ज खोटा ऐकू येतो, म्हणून मिक्सिंगला मोठी खोली हवी असं बरेच जण सांगतील. पण मिक्सिंगला तुम्ही एकटे बसणार. तिथे वाटेल तेवढं रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी तंतूंची लोकर) लावता येतं, कारण ती खोली चांगली वाजण्याची गरज नाही, ती खरं सांगणारी हवी. वाजवायच्या खोलीत इतकं रॉकवूल लावलं तर गायकाचा जीव गुदमरतो.

भैरवबहार
थोडा विरोधी सूर लावतो. वेगळी खोली हवीच का? आपल्या संगीतात समोर ऐकणारा माणूस लागतो. जागा छान घेतली तर कोणीतरी "क्या बात है" म्हणायला हवं. काचेपलीकडून येणारा लाल दिवा पाहून गाणं सुचत नाही. १६ × १२ मध्ये सगळे बसा, तुम्ही कोपऱ्यात कान पूर्ण झाकणारे चांगले बंद हेडफोन घालून बसा आणि धाकटी खोली फक्त मिक्सिंगला ठेवा. स्वतःचंच गाणं रेकॉर्ड करणाऱ्याला तर दोन खोल्या म्हणजे नुसती धावपळ.

कृष्णाकाठ
भैरवबहार, स्वतःपुरतं करायचं असतं तर तुमचंच ऐकलं असतं. पण मी इतरांना रेकॉर्ड करतो आणि माईक कुठे ठेवायचा हा माझा खरा प्रश्न आहे. तंबोऱ्याच्या घोडीपासून माईक चार बोटं सरकला तरी जवारीचा झोत बदलतो. त्याच खोलीत बसल्यावर हेडफोनमधून आणि हवेतून असे दोन्ही आवाज एकदम कानावर येतात, त्यामुळे माईकने काय पकडलं ते कळत नाही. डग्ग्याचा घुमारा तर हेडफोन भेदून थेट कानात शिरतो. स्पीकरवर, शांत खोलीत, वाजत असतानाच ते ऐकू यावं एवढ्यासाठी ही भिंत हवी आहे. "क्या बात है" म्हणणारा श्रोता आत बसवायला मात्र माझी काहीच हरकत नाही, उलट तसंच करीन.

बेसमेंटवाला
न्यू जर्सीत घराच्या बेसमेंटमध्ये दोन खोल्या केल्या आहेत, मंडळातल्या मुलांची भजनं आणि तबला तिथेच रेकॉर्ड होतात. इथली भिंत म्हणजे लाकडी सांगाडा आणि दोन्ही बाजूंना जिप्सम बोर्ड, त्यामुळे आम्हाला दुहेरी सांगाडा उभारून खोलीत खोली करावी लागते. तुमच्याकडे ९ इंची विटांची भिंत आहे, ही केवढी दौलत आहे याची भारतातल्या मित्रांना कल्पना नसते.

म्हणून ठेकेदाराला आधी थांबवा. विटांच्या भिंतीला इंचभर पोकळी सोडून जिप्समचा एक थर लावला, की मधली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि बोर्ड तिच्यावर डोलतो. त्याची स्वतःची कंपनसंख्या असते. बोर्डाचं वजन चौरस मीटरला १० किलो आणि पोकळी २५ मिलिमीटर धरली तर ती येते १२० हर्ट्झच्या आसपास. त्या पट्टीत भिंत पूर्वीपेक्षा जास्त आवाज जाऊ देते आणि ऐन तिथेच पुरुषी गळ्याचा षड्ज आणि डग्ग्याचा भरणा असतो. पैसे देऊन भिंत बिघडवल्यासारखं होईल. करायचंच असेल तर पोकळी ४ इंच, बोर्डाचे दोन थर, पोकळीत रॉकवूल आणि सांगाडा मूळ भिंतीला कुठेही न टेकवता. मग तीच कंपनसंख्या ४० हर्ट्झच्या आसपास उतरते आणि फायदा होतो. पण तुम्हाला त्याची गरज पडेल असं वाटत नाही.

सगळं दारावर अडणार आहे. गिलावा केलेली ९ इंची भिंत साधारण ५० डेसिबल अडवते, पोकळ फ्लश डोअर २० च्या आसपास. १२० चौरस फुटांच्या भिंतीत २१ चौरस फुटांचं असं दार असेल तर सगळं मिळून २७-२८ डेसिबलच अडतात. ५० डेसिबलची भिंत एका दारापायी निम्म्यावर आली.

तारमास्तर
आकाशवाणीत अभियंता म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. बेसमेंटवाला यांच्या हिशेबाला पूर्ण अनुमोदन. कृष्णाकाठ, ते मधलं दार काढा आणि तिथे ९ इंची वीटकाम करून दोन्ही बाजूंनी गिलावा करा. ये-जा व्हरांड्यातून. असं केलंत की आवाजाला एका खोलीतून दुसरीत जायला दोन दारं आणि मधला व्हरांडा ओलांडावा लागेल. रेडिओच्या स्टुडिओत दोन दारांमधली छोटी मोकळी जागा असते, तिला आम्ही साउंड लॉक म्हणतो. तुमच्या घराला तो आयताच मिळाला आहे.

व्हरांड्यातली दारं मात्र भरीव हवीत. चौकटीला तिन्ही बाजूंनी रबराची पट्टी, खाली उंबरा आणि त्यावर घट्ट बसणारी पट्टी. उंबरा नसेल तर बसवून घ्या. फट हा आवाजाचा राजमार्ग आहे. क्षेत्रफळाच्या एक टक्का जागा जरी उघडी राहिली, तरी बाकीची भिंत कितीही भक्कम असो, २० डेसिबलच्या वर काही अडत नाही.

हिशेब असा बघा. माईकपाशी तबला ९०-९५ डेसिबल वाजतो. ५० अडले तर तुमच्याकडे ४०-४५ येईल आणि तुमचे स्पीकर ७५ वर चालू असतील, म्हणजे तो झाकला जाईल. उलट दिशेने तुमचे ७५ पलीकडे २५ होऊन पोचतील, तेवढं चालतं. मधलं पोकळ दार राहिलं तर तेच ४७-४८ होतील आणि आलाप चालू असताना कंडेन्सर माईक (बारीकसारीक आवाजही पकडणारा) तुमचे स्पीकर टिपेल.

डग्गा_पुराण
तबलजी म्हणून काही गोष्टी.

काचेची खिडकी नको. आमची नजर गायकाकडे असते. समेवर येताना रेकॉर्डिस्टकडे कोणी बघत नाही. एक साधा कॅमेरा आणि एचडीएमआयची वायर टाकून तुमच्याकडे पडदा लावा. वायफायचा कॅमेरा घेऊ नका, त्यात चित्र मागे पडतं आणि हात एकीकडे, बोल दुसरीकडे असं दिसतं. खिडकी करायचीच तर दोन वेगवेगळ्या जाडीच्या काचा, मध्ये चांगलं अंतर, दोन्ही चौकटी स्वतंत्र. हा खर्च ऐकलात तर कॅमेऱ्यावरच याल.

शहाबादी फरशी झाकून टाकू नका. तबल्याखाली आणि गायकाखाली जाजम, बाकी फरशी उघडी. पायाखालून परतणाऱ्या आवाजाने चाटीला, म्हणजे तबल्याच्या कडेच्या बोलांना, तेज येतं. छताला मात्र कलाकारांच्या डोक्यावर रॉकवूलचा एक मोठा तक्ता टांगा. गायक मांडी घालून बसतो, त्यामुळे छत लांब आहे, तरी उघडा स्लॅब आणि उघडी फरशी समोरासमोर असली की टाळी वाजवल्यावर झिणझिण ऐकू येते. पूर्ण जाड गाद्यांनी मढवलेल्या एका स्टुडिओत वाजवलं होतं, तिथे स्वतःचाच 'ना' हा बोल ऐकू येईना म्हणून सगळेच साथीदार जोरात वाजवू लागतात आणि नाजूक काम मरतं.

गायक आणि तबला यांत पाच-सहा फूट अंतर ठेवा. गायकाच्या माईकची पाठ माझ्याकडे करा. तुमच्याकडे आठच्या आकड्याची दिशा असलेला माईक असेल तर त्याची कूस माझ्याकडे करा, त्या दिशेने तो जवळजवळ बहिरा असतो. आणि आमच्यातले दोन माईक एकमेकांपासून किमान तिप्पट लांब, म्हणजे माईक वाद्यापासून एक फूट असेल तर दुसरा माईक तीन फुटांच्या पलीकडे. हेडफोन सक्तीचे करू नका. एका खोलीत समोरासमोर बसलेल्यांना ते लागत नाहीत. सुगम संगीतात क्लिक (लयीची टिकटिक) द्यावी लागते तेव्हा बंद हेडफोन द्या आणि आलापाच्या जागी क्लिक बंद ठेवा, नाहीतर शांततेत टिकटिक माईकमध्ये उतरते.

स्वरांगण
फारच उपयुक्त धागा. वाचनखूण साठवली. अंड्याचे ट्रे आणि पिरॅमिड फोम याबद्दलही कोणीतरी लिहा, दर आठवड्याला कोणीतरी तेच घ्यायला निघतं.

तारषड्ज
लिहितो, त्यातूनच मिक्सिंगच्या खोलीकडे येतो.

अंड्याच्या ट्रेने शेजाऱ्याकडे जाणारा आवाज तसूभरही कमी होत नाही. दोन इंची फोम वरच्या पट्टीतला कर्कशपणा शोषतो, पण खाली त्याचं काही चालत नाही. १०० हर्ट्झची लहर साडेतीन मीटर लांब असते. ती दोन इंचात अडत नाही. परिणाम असा होतो की वरचं सगळं शोषलं जातं, खालचं तसंच घुमत राहतं आणि खोली मंद, बसकी वाटते. घ्यायचंच तर ४८ ते ६४ किलो घनतेचं रॉकवूल, किमान ४ इंच जाड, मागे ४ इंच हवा सोडून. लाकडी चौकट करा आणि सुती कापडाने मढवा. कापडातून फुंकर आरपार गेली पाहिजे, एवढी एकच परीक्षा. आतून न विणलेल्या कापडाचा एक थर द्या म्हणजे तंतू खोलीत उडणार नाहीत. काम करताना हातमोजे आणि तोंडाला मास्क लावा.

कृष्णाकाठ, तुमच्या धाकट्या खोलीची एक अडचण आहे. रुंदी १० फूट आणि उंचीही १० फूट. समोरासमोरच्या भिंतींत लहर अडकते ती अंतराच्या दुप्पट लांबीची. १० फुटांसाठी ती ५६-५७ हर्ट्झ येते आणि दोन दिशांनी एकाच जागी येते, म्हणजे तिथे फुगवटा दुप्पट. लांबीची १२ फुटांची ४७ ला. काळी एक पट्टीच्या तंबोऱ्याचा खर्ज येतो सुमारे ६९ हर्ट्झला. खाली दोन डोंगर आणि तुमचा खर्ज उतरणीवर. तो कमी ऐकू येणार, तुम्ही वाढवणार आणि दुसऱ्याच्या घरी तो गडगडणार. म्हणून छताला ६ ते ८ इंच जाड रॉकवूल लावा आणि मागची भिंतही जमेल तेवढी जाड भरा. कोपरे जमिनीपासून छतापर्यंत.

स्पीकर १० फुटी भिंतीकडे ठेवा म्हणजे आवाज लांबीच्या दिशेने जाईल आणि मधली भिंत पाठीला येणार नाही. डावी-उजवी बाजू हुबेहूब सारखी हवी. एका बाजूला कपाट आणि दुसरीकडे खिडकी असेल तर स्पीकरमधून गायकाचा आवाज मधोमध ऐकू येत नाही. कान समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांवर. ही सुरुवात धरा आणि मग मोजा. लांबीच्या बरोबर मध्यावर बसू नका, तिथे ४७ हर्ट्झ गायब होतो.

स्पीकर भिंतीपासून किती लांब? बरेच जण अडीच फूट सोडतात आणि नेमकं तेच नको. भिंतीवरून परतलेली लहर मूळ लहरीला छेद देते आणि अडीच फुटांना तो खड्डा ११३ हर्ट्झच्या आसपास पडतो. भिंतीला जवळजवळ टेकवून ठेवलेत तर खड्डा वर सरकतो, जिथे रॉकवूल त्याला सांभाळून घेतं. बऱ्याच स्पीकरच्या मागे भिंतीजवळ ठेवण्यासाठीचं बटण असतं, त्याने खर्ज थोडा कमी करा.

आणि मोजा. खोलीचा आवाज मोजणारं आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मोजणीचा माईक फार महाग नाही. रॉकवूल लावण्याआधी एकदा आणि प्रत्येक टप्प्यानंतर एकदा. कानाला आठवण नसते, आलेखाला असते.

शेवटचं म्हणजे खर्चाची वाटणी. माझं ठाम मत आहे की महागड्या स्पीकरपेक्षा निम्मे पैसे खोलीवर घाला. मध्यम स्पीकर नीट केलेल्या खोलीत खरं सांगतात. उत्तम स्पीकर उघड्या १० × १० मध्ये खोटंच बोलतात, फक्त जास्त आत्मविश्वासाने.

मालवणकर
कोकणातून एक सूचना. मिरजेत आमच्याइतका पाऊस नाही, तरी जून ते सप्टेंबर दमट हवेचा विचार करा. कंडेन्सर माईक उघड्यावर ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. ओल धरलेला माईक मध्येच चरचरतो. तबल्याची कातडं उतरतात, म्हणून वाद्यं त्या खोलीत तासभर आधी आणून ठेवा आणि मग स्वर लावा. तुमच्या वर स्लॅब आहे हे फार चांगलं. इथे कौलारू माडीत वरून येणारा पावसाचा आवाज थांबवता येत नाही, त्यामुळे आम्ही खालच्या, स्लॅबच्या खोलीतच काम करतो आणि जोराच्या सरीत संपादन उरकतो.

बेसमेंटवाला
हवेचा विषय निघालाच आहे तर, फटी बंद केल्यावर खोलीत हवा येत नाही. पाच माणसं गात-वाजवत असली की अर्ध्या तासात डोकं जड होतं. इथे आम्ही आतून रॉकवूलचं अस्तर लावलेली आणि दोन-तीन वळणं घेणारी लाकडी नळी बसवली आहे, तिच्यातून हवा येते, आवाज वळणांवर विझतो. ते जमत नसेल तर दर दोन टेकनंतर (रेकॉर्डिंगच्या फेऱ्यांनंतर) दारं उघडा.

तारमास्तर
आता तारा.

संगणक आणि इंटरफेस (माईकचा आवाज संगणकात नेणारं यंत्र) तुमच्या खोलीत ठेवा. पंखा असलेली कोणतीही वस्तू वाजवण्याच्या खोलीत नको. यूएसबीची साधी केबल ५ मीटरच्या पुढे भरवशाची नाही, माईकची बॅलन्स्ड एक्सएलआर मात्र ३० मीटरही सहज जाते. म्हणून भिंतीतून यूएसबी न नेता माईकच्या तारा न्या. आठ माईकची मल्टिकोअर (एकाच वेष्टनातल्या आठ तारा), दोन हेडफोनच्या वेगळ्या लाइनी, टॉकबॅकची (तुम्ही कलाकारांशी बोलायची) एक, एचडीएमआयची एक आणि पुढची सोय म्हणून दोन कॅट-६. उद्या नेटवर्कवरून ऑडिओ न्यायचा झाला तर डान्टेसारखी पद्धत त्याच तारेवर १०० मीटरपर्यंत चालते.

वीटकाम करतानाच दोन पीव्हीसी पाइप भिंतीत बसवा, सरळ आरपार नको, आत नागमोडी वळण द्या. तारा ओढून झाल्यावर दोन्ही तोंडं रॉकवूल ठासून आणि वरून लांबी (पुटी) भरून बंद करा. विजेची वायर या पाइपात कधीही घालू नका. फूटभर अंतर ठेवा आणि ओलांडावी लागलीच तर काटकोनात.

दोन्ही खोल्यांचे ऑडिओचे प्लग एकाच फेजवर, एकाच अर्थिंगला. घूं असा ५० किंवा १०० हर्ट्झचा आवाज आला तर अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी देईल. तो कदापि ऐकू नका, गायकाच्या ओठाला शॉक बसू शकतो. डिमर आणि स्वस्त एलईडीचे ड्रायव्हर आधी बंद करून बघा, बऱ्याचदा गुन्हेगार तिथेच सापडतो.

कलाकारांना त्यांचा आवाज संगणकातून फिरवून देऊ नका. संगणक आवाज थोडा थोडा साठवून पुढे देतो, तो साठा म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेला पावणेतीन मिलिसेकंद, जाऊन-येऊन आणि रूपांतरासकट त्याच्या दुपटीहून जास्त. गायकाला तो उशीर वाटत नाही, पण स्वतःचा गळा पातळ, पोकळ वाटतो आणि तो विनाकारण जोर लावतो. संगणकात न नेता इंटरफेसमधूनच त्यांचा आवाज थेट हेडफोनला द्या.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं. मोठी खोली वाजवणाऱ्यांची. मधलं दार जाणार, वीटकाम होणार, खिडकी नाही. जिप्समच्या भिंतीचा विचार रद्द, ते पैसे छताच्या रॉकवूलला आणि व्हरांड्याच्या दोन दारांना. रस्त्याकडच्या खिडक्यांना आतून दुसरी खिडकी बसवतो, कारण जंक्शनवरून येणारा गाडीचा भोंगा भिंतीतून येत नाही, तिथूनच येतो. एसी टेकच्या आधी खोली गार करून बंद.

भैरवबहार, मोठ्या खोलीत दोन खुर्च्या श्रोत्यांसाठी ठेवणार आहे. एक प्रश्न उरतो. नुसता तंबोरा रेकॉर्ड करायचा असतो तेव्हा ती खोली फार मोठी पडेल का?

भैरवबहार
खुर्च्यांबद्दल आनंद झाला. तंबोऱ्याला मोठी खोलीच बरी, फक्त भिंतीपासून लांब, खोलीच्या मध्यापासून थोडं बाजूला बसवा. एक माईक भोपळ्याच्या वरच्या अंगाला घोडीच्या रोखाने दीड फुटावर आणि दुसरा वाजवणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर. कारागीर जवारी लावताना जिथून ऐकतो, तीच ही दुसरी जागा. ग्राहकाला दोन्ही पाठवा.

नवशिका_कल्याण
मी भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहतो. वीटकाम शक्य नाही. दोन खोल्यांचा विचार सोडून द्यावा का?

तारषड्ज
सोडू नका. बेडरूममध्ये कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून गा, माईकचं तोंड आपोआप कपाटाकडे होतं आणि गळ्यामागे शांत जागा मिळते. खाटेवरची गादी उभी करून बाजूला टेकवा. मिक्सिंग हॉलमध्ये. रॉकवूलच्या चौकटी भिंतीला न ठोकता पायांवर उभ्या करा, घर बदलताना बरोबर नेता येतात. एक्सएलआर दाराखालून न्या आणि उरलेल्या फटीत जुन्या चादरीची घट्ट गुंडाळी घाला. हॉलमधले स्पीकर रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवावे लागतील, तेवढं मात्र हेडफोनवरच ऐका.